बिनपत्त्याची डबी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या व्यापारी मंडळाचे ज्येष्ठ आणि मला वडिलांच्या ठिकाणी असलेले आदरणीय मोतीलालजी. धुळ्याहून कामं बाजूला ठेवून आलेल्या औषध निरीक्षक सारिकाताई. व्यासपीठावरचे डॉक्टर साहेब आणि सरपंच. ज्यांनी हा कार्यक्रम घडवून आणला त्या बचत गटांच्या भगिनी. जिच्यासाठी आज दोंडाईच्याचं हे सभागृह भरलं आहे ती आपली धुरपदा अक्का, म्हणजे आरोग्य सेविका श्रीमती धुरपदाबाई महाले. आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, माझा नमस्कार स्वीकारावा.

मी दीपचंद. बाजारपेठेत माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पावडरी, लग्नाचं सामान. मला भाषणाची सवय नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची सवय आहे, आणि त्या बोलण्यात खरं किती असतं हे आपण जाणता. पत्रिकेत माझं नाव होतं ते फक्त शाल घालायला. पण अक्कांनी कार्यक्रमाच्या आधी निरोप पाठवला, की दीपचंदभाऊची शाल नको, त्याला बोलायला लावा. बावीस वर्षं उपकेंद्रात घालवलेल्या बाईची निवृत्तीच्या दिवशीची एवढीच मागणी. ती कशी मोडायची? म्हणून उभा राहिलो आहे. माझे वकील मागच्या रांगेत आहेत. त्यांनी बजावलं आहे की गौरवाचे चार शब्द बोला आणि खाली बसा. वकीलसाहेब, आधीच माफी मागतो.

अक्कांविषयी नवीन मी काय सांगणार? या सभागृहातल्या निम्म्या दंडांवर तिच्या सुईची खूण आहे. पिंपळवाड्याच्या उपकेंद्राचं छत गळत होतं तेव्हा तिने लसींचा डबा स्वतःच्या घरात ठेवला आणि चूल अंगणात मांडली. पण आज तिचा सत्कार आपण त्यासाठी करत असू, तर फार स्वस्तात सुटलो असं मी म्हणेन. तिचा सत्कार करायचा तर तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत काय घडलं ते बोलायला हवं. आणि ते बोलायला माझ्याइतका लायक माणूस या तालुक्यात दुसरा नाही. कारण ते माझ्या दुकानातून घडलं.

त्या वर्षी छगन नावाचा एक माणूस आमच्याकडे माल द्यायला येऊ लागला. गोड बोलणारा, मोटारसायकलवर मागे मोठी पिशवी. त्याच्याकडे चेहऱ्याला लावायचं एक क्रीम होतं. सोनेरी डबी, झाकणावर गोऱ्या बाईचं चित्र, खाली कुठल्या तरी परक्या लिपीतली अक्षरं. आठ दिवसांत रंग उजळतो असं तो म्हणायचा, आणि खरंच उजळायचा. डबीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, तारीख नव्हती, आयातीचा परवाना क्रमांक नव्हता. सरहद्दीपलीकडून चोरून आणलेला माल, कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून फिरणारा. मला हे माहीत होतं का? लोक मला अजून विचारतात. मी कोर्टात काय सांगायचं ते कोर्टात सांगेन. इथे एवढंच सांगतो, की मी छगनला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो माल विकता आला नसता.

तिकडे पिंपळवाड्याला झुलालभाऊंच्या घरी लग्नाची गडबड होती. झुलालभाऊ शेतकरी माणूस, त्यांची मुलगी किरण. वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. साखरपुडा झालेला. किरण इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत. तिचं नाव घेऊ की नको, असं मी परवा तिच्या घरी जाऊन विचारलं होतं. ती म्हणाली, "नाव घेऊनच सांगा. कुजबुज नाव घेऊनच झाली होती."

कसली कुजबुज? किरणचा चेहरा सकाळी सुजायला लागला. मग पाय सुजले. मग पोट. साखरपुडा झालेल्या मुलीचं पोट दिसू लागलं, तर गाव काय बोलतं? मी काय सांगू, आपण सगळे त्याच गावचे. बोलणं नवऱ्याकडच्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निरोप पाठवला, की आधी मुलीची तपासणी करा, मग पुढचं बघू. झुलालभाऊ उपकेंद्रात आले ते रडतच. अक्कांच्या टेबलापुढे उभे राहून एकच वाक्य म्हणाले.

"अक्का, मन्ही पोर तशी नही शे."

अक्कांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि किरणला आत घेतलं. तिने दिवस गेलेत का ते तपासलं. नव्हते. दुसरी बाई असती तर तिचं काम तिथे संपलं असतं. पण अक्कांनी काचेच्या नळीत लघवी घेतली आणि दिव्यावर धरली. वरचा भाग पांढरा झाला, नासलेल्या दुधासारखा. म्हणजे अंगातली प्रथिनं लघवीतून वाहून चालली होती. मूत्रपिंडाला इजा झाली होती. तिने त्याच दिवशी किरणला धुळ्याला पाठवलं आणि संध्याकाळी स्वतः नवऱ्याकडच्यांच्या दारात गेली. मुलगी आजारी आहे, तिच्यावर आळ घेऊ नका, असं हात जोडून सांगितलं. त्यांनी तिला आत बोलावलं नाही. आठ दिवसांनी लग्न मोडल्याचा निरोप आला. कारण काय दिलं? तर आजारी मुलगी नको. म्हणजे आधी ती वाईट होती आणि मग आजारी. तिचं बरं कशातच नव्हतं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली. पण आजार कशाने झाला ते सापडेना. महिनाभराने किरणची आई भिकुबाई उपकेंद्रात आली. तिचेही पाय सुजलेले. अक्कांनी तिचीही नळी दिव्यावर धरली. पुन्हा तेच. तेव्हा अक्का झुलालभाऊंच्या घरी जाऊन बसली. सकाळी दहाला बसली ती दुपारी एकपर्यंत उठली नाही. तिघं एका घरात जेवतात, एकाच टाकीचं पाणी पितात, एकाच पोत्यातली ज्वारी खातात. मग बाप ठणठणीत आणि मायलेकी आजारी, हे कसं? असं काय आहे, जे आई आणि लेक वापरतात आणि बाप वापरत नाही? तिने मीठ बघितलं, दंतमंजन बघितलं, ताकदीच्या गोळ्या, डोक्याचं तेल, मेंदी, सगळं बघितलं. आणि मग आरशाखालच्या फळीवर तिला ती सोनेरी डबी दिसली.

किरणने ती लग्नासाठी घेतली होती. ती दवाखान्यात गेल्यावर डबीत उरलेलं क्रीम भिकुबाईने लावायला सुरुवात केली. तिच्या गालावर वांगाचे डाग होते, आणि पोरीने हौसेने आणलेली वस्तू वाया का घालवायची? मंडळी, आपल्या बायका काही वाया जाऊ देत नाहीत. विष असलं तरी.

अक्का ती डबी घेऊन माझ्या दुकानात आली. भर बाजाराचा दिवस. तिने गर्दी ओसरेपर्यंत वाट पाहिली, मग डबी गल्ल्याजवळ ठेवली आणि विचारलं, "भाऊ, हाई डबी तुमना दुकाननी शे का?"

मी डबी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. आणि म्हणालो, "अक्का, आमच्याकडे असला माल नसतो."

त्या वेळी माझ्या पायाजवळच्या खोक्यात तीन डझन डब्या होत्या. पाय हलवला असता तर वाजल्या असत्या.

अक्का गेली. मग मी काय केलं? माल फेकला? छगनला नाही म्हणालो? नाही. मी खोकं आतल्या खोलीत नेलं आणि फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांना डब्या देऊ लागलो. ओळखीच्या! ज्यांना मी ताई म्हणतो, वहिनी म्हणतो, ज्यांच्या लग्नाचा चुडा माझ्या दुकानातून गेला, त्यांना निवडून. अनोळखी माणूस वाचला, आणि माझ्यावर भरवसा ठेवणारा फसला. हा माझा व्यापार होता. चीड कोणाची यायला हवी, छगनची? त्याची येतेच. पण छगन काही पिंपळवाड्यात कोणाच्या दारात गेला नव्हता. त्याला दार आम्ही उघडून दिलं. पाठीमागच्या बाजूने.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडे पाहिलंत. मी पाहिलं. थोडा वेळ द्यावा.

त्या दिवसांत अक्का सुट्टी टाकून एसटीने धुळ्याला गेली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन वेळा तिला सांगण्यात आलं, की बाई, तुमचं काम लसीकरणाचं, तुम्ही तेच करा. तिसऱ्या वेळी या सारिकाताई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. पण रिकाम्या डबीच्या कडेला लागलेल्या क्रीमवर कायद्याने काही करता येत नव्हतं. त्यांना दुकानातली भरलेली, सीलबंद डबी हवी होती. आणि याच काळात वरच्या एका साहेबांनी अक्कांना नोटीस काढली, की नेमून दिलेलं काम सोडून आपण जिल्ह्याच्या ठिकाणी का फिरता याचा खुलासा करा. अक्कांनी एका ओळीत खुलासा दिला. तो कागद मी पाहिला आहे. "माझ्या गावातल्या बायका सुजत आहेत, त्याचं कारण शोधायला गेले होते." मला विचारायचं आहे, विष चोरून आणणाऱ्याला त्या वर्षात एक तरी नोटीस गेली होती का? बनावट मालाच्या गाडीला कोणी खुलासा मागितला होता का? खुलासा मागितला तो या बाईला!

मग ती दुसऱ्यांदा माझ्या दुकानात आली. या वेळीही तिने मला खोटं पाडलं नाही. ती म्हणाली, एक भरलेली डबी द्या, कोणी दिली ते मी विचारणार नाही. मी पुन्हा हात जोडले, नाहीच म्हणालो, आणि वाईटपणा नको म्हणून घरात चहा सांगितला. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे. चहा घेऊन माझी सून विधी आली.

विधी माझ्या मुलाची, अनुजची बायको. लग्नाला वर्ष होत आलेलं, पाचवा महिना चालू. रंगाने जरा सावळी. पहिल्या दिवाळीला आमच्या नातेवाइकांत कोणी तरी हसत म्हणालं होतं, की सून चांगली आहे, फक्त उजेडात बसवा. सगळे हसले. मीही तिथे होतो. मी हसलो नाही, पण कोणाला गप्पही केलं नाही.

अक्कांनी चहा हातात घेतला नाही. ती विधीच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा गोरा, मान आणि हात मूळ रंगाचे, डोळ्यांखाली सूज. घरात आम्ही म्हणत होतो, गर्भारपणाची सूज आहे, बाईला येतेच. अक्का उठली, विधीला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाली, "भाऊ, तिच्या पायावर बोट दाबा."

मी सासरा. सुनेच्या पायाला हात कसा लावणार? मी तसाच उभा राहिलो. मग अक्कांनी स्वतः नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. खड्डा पडला. मी वाट पाहत होतो तो भरून येण्याची. तो भरून येईना.

विधीने मान खाली घालून सांगितलं, "आतल्या खोलीतल्या खोक्यातून घेतली होती, पप्पाजी. तीन महिने झाले."

माझी पत्नी हीराबाई दाराआड उभी होती. ती आतल्या खोलीत गेली, खोकं उचलून आणलं आणि अक्कांच्या पायाशी ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तरी खरं बोला."

अक्कांनी त्या खोक्याकडे पाहिलंही नाही. ज्या डबीसाठी ती तीन महिने वणवण करत होती, ती समोर होती, आणि ती मला म्हणाली, आधी गाडी काढा. ती आमच्या गाडीत बसून विधीसोबत धुळ्याला गेली. चार दिवस तिथेच राहिली.

विधी वाचली. बाळ राहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, एकाच कारणाने असं झालं असं ठामपणे सांगता येत नाही. डॉक्टर भला माणूस आहे. त्याने मला एक फट ठेवून दिली होती, हवं तर त्यातून निसटून जा म्हणून. मी कित्येक दिवस त्या फटीकडे बघत होतो. पण प्रयोगशाळेचा अहवाल आला. क्रीममध्ये पारा होता. कायद्याने जेवढा अंश चालतो, त्याच्या हजारो पट. मी पारा विकत होतो, मंडळी. चांदीसारखा चमकणारा तो पारा मी आपल्या लेकीसुनांच्या गालांवर चोपडत होतो आणि वर हसून म्हणत होतो, पुन्हा या.

त्यानंतर मी सारिकाताईंना सगळं लिहून दिलं. छगन पुढचा माल घेऊन आला तेव्हा त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या. त्याच्या भाड्याच्या गाळ्यात चाळीस खोकी सापडली. क्रीम, काजळ, लहान पोरांची पावडर. सगळं बिनपत्त्याचं. अक्कांनी घरोघर फिरून पिंपळवाडा आणि आजूबाजूच्या चार गावांतून एकसष्ट डब्या गोळा केल्या आणि नऊ बायकांची लघवी बिघडलेली शोधून काढली. त्या नऊही जणी आज चालत्याफिरत्या आहेत, कारण वेळेत सापडल्या. किरणला बरं व्हायला अकरा महिने लागले. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर ते नवऱ्याकडचे पुन्हा आले होते, गैरसमज झाला म्हणत. किरणने आतूनच नको म्हणून सांगितलं. झुलालभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आणि आमच्या बाजारात काय झालं? ते सांगितल्याशिवाय बसलो तर अक्का मला उद्या पुन्हा उभं करेल. मोतीलालजी, मी आपल्या पायावर डोकं ठेवतो, पण बोलतो. मी जबाब द्यायला निघालो, त्या सकाळी आपण मला घरी बोलावलंत. म्हणालात, "दीपचंद, घरातली गोष्ट घरात मिटव. बाजाराचं नाव जाईल." आपण वाईट हेतूने म्हणाला नाहीत. आपल्याला बाजाराची काळजी होती. पण नाव कशाने जातं? सांगण्याने की विकण्याने? मी जबाब दिला, तेव्हा आपल्यातल्या काही दुकानदारांनी माझ्याशी राम राम बंद केला. मी विष विकत होतो, त्या काळात कोणी राम राम बंद केला नव्हता!

छगन जामिनावर सुटला. त्याच्या वरचा माणूस कोण, ते आजवर कोणाला सापडलेलं नाही. आणि गेल्या महिन्यात सारिकाताईंनी मला एक डबी दाखवली. आता सोनेरी नाही, हिरवी. झाकणावर कोरफडीचं चित्र. आत तेच. आपल्याच जिल्ह्यात एका दुकानात मिळाली. कोणत्या, ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पण इथे बसलेल्या माझ्या व्यापारी बंधूंना मी हात जोडून नाही, बोट दाखवून विचारतो. आपल्या आतल्या खोलीत काय आहे? ज्या मालावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, त्याच्यावर शेवटी आपला पत्ता लिहिलेला असतो, हे आपल्याला कधी कळणार? आपल्या घरातली सून चहा घेऊन बाहेर येईल तेव्हा?

अक्का उद्यापासून उपकेंद्रात नसेल. नवीन बाई येईल, चांगलीच येईल. पण सगळं एका बाईच्या नळीवर आणि दिव्यावर सोडून आपण किती दिवस झोपणार? भगिनींनो, आपण डबी उलटी करून वाचायला शिका. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. तो अडखळला की उठून या.

येत्या मंगळवारी धुळ्याच्या कोर्टात माझी तारीख आहे. आरोपी क्रमांक दोन. वकीलसाहेब कपाळाला हात लावून बसले आहेत ते त्यामुळे. मी त्यांना सांगितलं आहे, की जे घडलं ते मी तिथेही असंच सांगणार. विधीने मला विचारलं होतं, पप्पाजी, शिक्षा झाली तर? मी म्हणालो, तर दुकान तू बघ. ती म्हणाली, मी आजपासूनच बघते. गेली दोन वर्षं तीच बघते आहे. कुठला माल आत येतो आणि कुठला दारातून परत जातो, ते आता तिच्या हातात आहे. मी बांगड्या भरतो.

अक्का, तुझे आभार मानायला माझ्याकडे तोंड नाही, म्हणून ते या सभागृहाच्या वतीने मानतो. तुला निवृत्तीनंतर आरोग्य लाभो असं म्हणण्याचा अधिकारही माझा नाही, तो या नऊ जणींचा. त्या म्हणतीलच. तू मला माफ केलंस का, हे मी तीन वर्षांत विचारलेलं नाही आणि आजही विचारत नाही. आयोजक भगिनींनी माझ्यासारख्याला बोलू दिलं, सारिकाताईंनी ऐकून घेतलं, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहूनही मला थांबवलं नाही, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कोणा ज्येष्ठांचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने ते पोटात घाला. माझ्या दुकानातून जे दिलं गेलं, ते मात्र कधी पोटात घालू नका.